कुंडीतलं कलम वीस

मागच्या मे महिन्यात माझ्या बहिणीची एक मैत्रीण आमच्याकडे चार दिवस राहायला आली होती. अल्मोड्याची. येताना तिने आईसाठी तिकडच्या बाजारातून पावकिलो भांगेच्या बिया आणल्या. तिकडे या बिया भाजून, पुदिना, हिरवी मिरची, मीठ आणि लिंबू घालून चटणी वाटतात. आईला ती तिळाच्या चटणीपेक्षा आवडली. उरलेल्या बिया तिने सुपात पाखडल्या आणि फोल, खडे, कचरा नेहमीप्रमाणे गच्चीवरच्या खताच्या बादलीत टाकला. आईची ही बादली म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात जिवंत ठिकाण आहे. भाजीची देठं, चहाचा चोथा, वाळलेला पाला, वरून मूठभर जुनं खत. आंब्याच्या कोयी तिथे रुजतात, टोमॅटो तिथे न लावता येतात.

जुलैच्या शेवटी मिरचीच्या कुंडीत एक अनोळखी रोप वर आलं. ऑगस्टमध्ये ते माझ्या गुडघ्याला लागलं. आई म्हणाली, "झेंडूसारखं दिसतंय, पण झेंडू नाही. काय तजेला आहे बघ." मी बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. हे पान मी टीशर्टवर पाहिलं होतं, रिक्षाच्या मागच्या काचेवर पाहिलं होतं, गोव्यातल्या कीचेनवर पाहिलं होतं. आमच्या गच्चीवर, तुळशीवृंदावनापासून चार फुटांवर, ते पहिल्यांदाच जिवंत दिसत होतं. लहानपणी मराठीच्या पेपरात 'तुळशीत भांग' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा असं आलं होतं, तेव्हा मी काय वाक्य लिहिलं होतं कोण जाणे.

त्या रात्री अकराला मी ते रोप उपटलं, कात्रीने बारीक कापलं आणि त्याच बादलीत तळाशी दाबलं. आईला सांगितलं, कीड लागली होती. तिने दोन दिवस हळहळ केली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? एका झाडासाठी कोण येतंय? हेच मलाही वाटत होतं. म्हणून मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर एनडीपीएस कायदा उघडून वाचला. तुम्हीही वाचा, फुकट आहे. ज्या कायद्याच्या नावाने बातम्यांचे चॅनेल महिनोन्‌महिने चालले, ज्याच्यावर आपल्या पिढीने हजारो मीम पाहिली, तो आपल्यापैकी जवळजवळ कुणीच वाचलेला नाही.

कलम दोनमध्ये गांजाची व्याख्या आहे. झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात धरायची नाहीत. म्हणून भांग या केंद्रीय कायद्यातून निसटते, म्हणून वाराणसीत सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत, म्हणून 2021 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने याच झाडाच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि आज त्या ऑनलाइन मागवता येतात. (महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगही परवान्याशिवाय चालत नाही. होळीला व्हॉट्सॲपवर ठंडाईचे फोटो टाकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

इथपर्यंत ठीक. पण त्याच कलमात पुढे 'गांजाचं झाड' याची वेगळी व्याख्या आहे आणि ती एका ओळीची आहे: कॅनाबिस या कुळातलं कोणतंही झाड. नर असो, मादी असो, धाग्यासाठीची जात असो, नशेचा अंश असो वा नसो. शिवाय नराच्या फुलांतून गांजा मिळत नाही, हे शेतकऱ्यांना शेकडो वर्षांपासून माहीत आहे. आमच्या कुंडीतलं रोप नर होतं की मादी, हे कळायच्या आत ते खतात गेलं. कायद्याला त्याने फरक पडत नव्हता.

आता कलम वीस. इथे जरा थांबून वाचू या. एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर ती 'अल्प मात्रा': जास्तीत जास्त एक वर्ष कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक ते वीस किलोच्या मध्ये: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. 2001 साली ही मात्रेची पायरी कायद्यात आली, कारण त्याआधी पुडीवाला आणि ट्रकवाला एकाच मापाने तोलले जात होते. चांगली सुधारणा होती. पण लागवडीला ही पायरी लावलीच नाही. झाड लावलं, की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एक झाड की एक एकर, हे कायदा विचारत नाही. किमान शिक्षा नाही, त्यामुळे न्यायाधीश कमी देऊ शकतात, हे खरं. पण तोवर तुम्ही किती काळ आत काढलेला असेल, हे न्यायाधीशांच्या हातात उरत नाही.

म्हणजे हिशेब असा. तुम्ही कोपऱ्यावरच्या माणसाकडून नऊशे ग्रॅम गांजा विकत घेतला, तर जास्तीत जास्त एक वर्ष. तुम्ही गच्चीवर एक रोप लावलं, ज्यातून काही ग्रॅम निघतील किंवा काहीच निघणार नाही, तर जास्तीत जास्त दहा वर्षं. या देशाचा कायदा नागरिकाला सरळ सांगतो आहे: विकत घे बाबा, पण लावू नकोस. गिऱ्हाईक हो, माळी होऊ नकोस. अमली पदार्थांच्या बाजाराला याहून चांगला सेल्समन मिळाला नसता.

आणि 'मला माहीतच नव्हतं, ते आपोआप उगवलं' हा बचाव? कलम पस्तीस वाचा. गुन्ह्याची मनोवृत्ती होती असं न्यायालय गृहीत धरतं. नव्हती हे आरोपीने, वाजवी शंकेपलीकडे, सिद्ध करायचं. एरवी फौजदारी खटल्यात हे ओझं सरकारवर असतं. माझ्या आईने सुपात बिया पाखडल्या होत्या, हे मी वाजवी शंकेपलीकडे कसं सिद्ध करणार होतो? सूप हजर करून?

हा कायदा कसा आला तेही बघा. 23 ऑगस्ट 1985 ला विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, 16 सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. चोवीस दिवस. हजारो वर्षं या भूमीत असलेल्या झाडाचा निकाल चोवीस दिवसांत. अंमल सुरू झाला 14 नोव्हेंबरला, बालदिनी. गंमत म्हणजे ज्या इंग्रजांना आपण प्रत्येक जाचक कायद्यासाठी शिव्या घालतो, त्यांनी या झाडाचा विचार करायला आपल्याहून जास्त वेळ घेतला होता. 1893 साली त्यांनी सात जणांचा आयोग नेमला, त्यात तीन हिंदी सदस्य होते. आयोगाने देशभर हिंडून हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष: बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही, अतिरेक वाईट, बंदी घालू नका, कर लावा. कर लावण्यात त्यांचा स्वार्थ होता हे उघड आहे. पण साक्षी खऱ्या होत्या. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदीसुद्धा त्यांनी तपासल्या आणि लक्षात आलं की 'वेडाचं कारण: गांजा' ही नोंद कितीदा तरी डॉक्टरने नव्हे, रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने भरलेली होती. पोलिसाने निदान करायची आपली परंपरा जुनी आहे.

आता मातीकडे येतो, कारण मला खरं तर मातीबद्दलच बोलायचं आहे.

गांजाचं झाड मातीतलं जे काही असेल ते ओढून घेतं. कॅडमियम, शिसं, निकेल. मुळातून खोडात, खोडातून पानात. हा गुण इतका पक्का आहे की 1990 च्या दशकात चेर्नोबिलच्या परिसरात दूषित जमीन साफ करण्याच्या प्रयोगांत याच कुळातलं हेंप लावून पाहिलं गेलं. ज्या झाडाला तुम्ही मातीचा झाडू म्हणून वापरू शकता, ते झाड कुठल्या मातीत वाढलं हे न विचारता त्याचा धूर छातीत भरणं म्हणजे केरसुणी चाटण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी, जिथे विक्री कायदेशीर आहे, तिथे माल दुकानात जाण्याआधी शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पाऱ्याची तपासणी सक्तीची आहे. आपल्याकडे तपासणी होते, पण फक्त फॉरेन्सिक लॅबमध्ये, आणि तीही 'हा गांजाच आहे का' एवढ्याच प्रश्नासाठी.

दुसरं उदाहरण द्राक्षवाल्यांना कळेल. मायक्लोब्युटानिल नावाचं बुरशीनाशक आहे. नाशिक-सांगलीकडे भुरीवर मारतात. द्राक्षावर नियमाप्रमाणे मारलं, ठरलेले दिवस थांबून काढणी केली, धुऊन खाल्लं, तर चालतं असं नियामक सांगतात. तेच गांजावर मारलं आणि गांजा जाळला, तर उष्णतेने त्यातून हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकतं. कॅनडात परवानाधारक कंपन्यांच्या मालात हे सापडलं आणि 2017 च्या सुमारास माल परत मागवावा लागला. तिथे परत मागवायला कुणीतरी होतं. तुमच्या पुडीवर बॅच नंबर असतो का?

तिसरं उदाहरण जास्त वाईट आहे. 2007 साली जर्मनीतल्या लाइप्झिश शहरात डझनावारी तरुण पोटात कळा, रक्तक्षय अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येऊ लागले. सगळ्यांना शिशाची विषबाधा. सगळे गांजा ओढणारे. विक्रेत्याने वजन वाढवायला मालात शिशाची पूड मिसळली होती, कारण माल ग्रॅमवर विकला जातो आणि शिसं जड असतं. यात त्या झाडाचा काही दोष नव्हता. दोष बाजाराचा होता, आणि तो बाजार बंदीने बनवलेला होता. त्याच जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला घरी तीन झाडं लावता येतात.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात दोन प्रकारचा माल येतो. एक, आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरांतून रेल्वेने, ट्रकने, विटांसारखा दाबून, महिनोन्‌महिने दमट पोत्यात राहून आलेला. दुसरा 'हायड्रो', जो 2022 मध्ये थायलंडने निर्बंध उठवल्यापासून बँकॉकच्या विमानांतून बॅगांमध्ये येतो आणि मुंबई विमानतळावर कोटी-कोटींनी पकडला जातो. हायड्रो म्हणजे मातीच नाही; पाण्यात विरघळलेले क्षार, डोक्यावर दिवे, बंद खोली, वातानुकूलन. पहिला गरिबाचा, दुसरा श्रीमंताचा. तुम्ही कुठल्या वर्गात मोडता हे तुमच्या धुरावरून कळतं.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी गोष्ट शक्य होती. एक कुंडी. घरचं गांडूळखत, कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड, वर वाळक्या पानांचं आच्छादन. जगभरातले हौशी लोक आज याला 'लिव्हिंग सॉइल' म्हणतात आणि जणू काही त्यांनीच शोध लावला अशा थाटात त्याचे व्हिडिओ करतात. अहो, कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने काही दशकांपूर्वी लोकांना हेच शिकवलं: पालापाचोळ्यातून माती घडवायची, ती उघडी टाकायची नाही, झाडाला नव्हे तर मातीला जेवू घालायचं. दाभोळकरांचा या झाडाशी काही संबंध नाही, त्यांच्यावर उगाच आळ नको. पण त्या शिकवणुकीवर उभी राहिलेली शेकडो गच्च्यांची बाग महाराष्ट्रात आहे, माझ्या आईची बादली त्याच परंपरेतली आहे. जिला आपली माती माहीत आहे अशी बाई आणि ज्याला आपण काय ओढतोय हे माहीत नाही असा मुलगा एकाच घरात राहतात, आणि कायदा म्हणतो की त्या मुलाने बाजारातच जावं.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायला हवं. सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी असं समजणारी एक जमात आपल्यात आहे. 'नॅचरल आहे रे, हर्ब आहे, शंकराचा प्रसाद आहे.' धोतरा पण नॅचरल आहे आणि शंकराला वाहतात, खाऊन दाखवा. शेणखतावर वाढलेल्या पानाचा धूरही धूरच असतो, त्यात डांबर असतं, फुफ्फुसाला सेंद्रिय प्रमाणपत्र वाचता येत नाही. जो माणूस कॉफी, साबण आणि तांदूळ 'ऑरगॅनिक' विकत घेतो आणि गांजाही तसाच हवा म्हणतो, त्याची मागणी मला पुढे न्यायची नाही. त्याला त्याचं दुकान मिळेलच. कायदा बदलला तर सगळ्यात आधी मॉलमध्ये पाटी लागेल.

पाटी लागलेलीच आहे म्हणा. आयुर्वेदात या झाडाला 'विजया' म्हणतात. पानांपासून काढलेला अर्क, आयुष परवाना, डॉक्टरांशी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि हजारो रुपयांची छोटी बाटली घरपोच. हे कायदेशीर आहे, अनेक कंपन्या करतात, आणि ज्याला त्याने दुखण्यात आराम पडतो त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार अशी आहे की त्याच वेळी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, दर हंगामात धाडी पडतात. कपाशीत, तुरीत, मक्यात दडवलेली झाडं उपटली जातात, ढीग रचून फोटो काढले जातात. वनजमिनीवर कसणारा माणूस पकडला जातो; बियाणं आणि उचल देणारा व्यापारी त्या फोटोत क्वचितच असतो. कपाशीला जो भाव मिळतो त्याच्या जोरावर कुणी नैतिक व्याख्यान देऊ नये. मराठीत 'गांजणे' असं क्रियापद आहे, त्याचा या झाडाशी व्युत्पत्तीचा संबंध आहे की नाही ते भाषातज्ज्ञ सांगतील. शिरपुरात तरी आहे.

पकडल्यावर वजन कसं करतात? व्याख्या म्हणते फुलोऱ्याचे शेंडे. पण कितीतरी पंचनाम्यांत अख्खं ओलं झाड, खोडापानांसकट, काट्यावर चढतं. असं केलं की दोन-चार किलोचे पंचवीस किलो होतात, वीसच्या वर गेलं की 'व्यावसायिक मात्रा', मग किमान दहा वर्षं आणि कलम सदतीसखाली जामीन जवळपास अशक्य. मुंबई उच्च न्यायालयासकट अनेक न्यायालयांनी पानं-देठं वेगळी न करता केलेल्या वजनावर बोट ठेवून जामीन दिलेले आहेत. पण उच्च न्यायालयापर्यंत पोचायला वकील लागतो, आणि वकिलाला पैसे लागतात, आणि पैसे असते तर माणसाने ते झाड लावलं नसतं.

आता तो भाग, जो लिहावा की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

माझा एक मावसभाऊ आहे. अकरावीत असताना त्याने ओढायला सुरुवात केली, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तो रोज ओढत होता. एकोणिसाव्या वर्षी त्याला वाटायला लागलं की शेजारचे लोक भिंतीतून त्याचं बोलणं रेकॉर्ड करतात. तो जेवेना, झोपेना. तुम्ही जर मला सांगायला आलात की गांजाने काही होत नाही, तर मी तुम्हाला मावशीच्या घरी घेऊन जाईन. कमी वयात सुरुवात, रोजचं सेवन आणि टीएचसीचं जास्त प्रमाण, ही तिन्ही एकत्र आली की मनोविकाराचा धोका वाढतो, हे आज युरोपातल्या मोठ्या अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट आहे. 1893 च्या आयोगाला हे माहीत नव्हतं. त्यांच्यासमोरचा गांजाही आजच्या हायड्रोइतका जहाल नव्हता. ज्यांच्या घरात आधीपासून असा आजार आहे त्यांनी या झाडाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

पण त्या घरात काय झालं ते ऐका. मावशी त्याला आठ महिने मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेली नाही. का? तर डॉक्टर विचारतील, काय घेतो? आपण सांगितलं तर पोलीस केस होईल. करिअर संपेल, पासपोर्ट अडकेल. काकांनी त्याला खोलीत कोंडून ठेवलं, एका बुवाकडे नेलं, गावी पाठवलं. आठ महिने. मनोविकारात पहिल्या काही महिन्यांतले उपचार सगळ्यात मोलाचे असतात, ते गेले. आणि ज्या कायद्याला ते घाबरत होते त्याच कायद्यात कलम 64अ आहे. अल्प मात्रेच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम आम्हाला कुणीच सांगितलं नाही. कॉलेजच्या व्यसनमुक्ती सप्ताहात पोस्टर स्पर्धा होते, कवटीचं चित्र काढणाऱ्याला पहिलं बक्षीस मिळतं. कलम 64अ कुठल्याच पोस्टरवर नसतं.

माझा भाऊ आता बरा आहे म्हणजे गोळ्यांवर आहे, एका दुकानात हिशेब लिहितो, संध्याकाळी मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. बंदीने त्याला वाचवलं नाही. बंदी असतानाच त्याला अकरावीत पुडी मिळाली, कारण पुडीवाला वय विचारत नाही. बंदीने फक्त त्याचा उपचार लांबवला. म्हणून जेव्हा कुणी मला म्हणतं, 'तुझ्या घरात असं घडलं आणि तू हे लिहितोस?', तेव्हा माझं उत्तर आहे, हो, म्हणूनच.

माझी मागणी दुकानाची नाही. जाहिरात नको, कॅफे नको, शेअर बाजारात नोंदलेली गांजा कंपनी तर नकोच. अमेरिकेत आणि कॅनडात हा धंदा कंपन्यांच्या हातात गेल्यावर टीएचसीचा आकडा शर्यतीसारखा वर गेला, कारण दुकानदाराला रोज येणारं गिऱ्हाईक हवं असतं, आणि रोज येणारं गिऱ्हाईक म्हणजे माझा भाऊ. कुंडीला गिऱ्हाईक नको असतं. झाडाला महिने लागतात. त्याला पाणी घालावं लागतं, मावा पडतो, पाऊस झोडपतो, एखादं नर निघून मेहनत वाया जाते. कुंडीतून रोज दहा वेळा ओढण्याइतकं निघत नाही. व्यसनाला जो वेग लागतो तो मातीत नाही.

म्हणून एवढंच: पंचवीस वर्षांवरच्या माणसाला, स्वतःच्या घरात, दोन झाडं. विक्री केली तर गुन्हा, अल्पवयीनाला दिलं तर मोठा गुन्हा. हे जगावेगळं नाही. उरुग्वेत 2013 पासून घरी सहा झाडं चालतात. कॅनडात 2018 पासून बहुतेक प्रांतांत चार. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने 2018 साली खाजगीपणाच्या हक्कावरच निकाल दिला: प्रौढ माणूस स्वतःच्या खाजगी जागेत स्वतःपुरतं काय पेरतो, तिथे सरकारचं काम नाही. आपल्याकडे त्याच्या एक वर्ष आधी, 2017 मध्ये, नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. आणि 2 डिसेंबर 2020 ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सगळ्यात धोकादायक पदार्थांच्या यादीतून काढायचा ठराव आला तेव्हा 27 विरुद्ध 25 अशा मतांनी तो मंजूर झाला. त्या सत्तावीसात भारत होता. व्हिएन्नात एक हात वर करायचा, शिरपुरात दुसऱ्या हाताने बेड्या घालायच्या.

नवा कायदा करायला संसदेला वेळ नसेल तर जुन्यातच एक दार आहे. कलम चौदा म्हणतं की सरकार, अटी घालून, या झाडाची लागवड करायला परवानगी देऊ शकतं: धागा किंवा बियांच्या औद्योगिक वापरासाठी, किंवा बागकामासाठी. होय, बागकाम. 1985 पासून तो शब्द तिथे बसलेला आहे. उत्तराखंडने 2018 मध्ये याच कलमाचा आधार घेऊन कमी टीएचसीच्या हेंपला परवाने दिले. त्या 'बागकाम' शब्दाला कोणत्याही राज्याने गंभीरपणे हात लावलेला नाही. वकील म्हणतील, तो शब्द शोभेच्या झाडांसाठी आहे, त्याचा अर्थ ताणू नका. नका ताणू. पण निदान कमी टीएचसीची दोन झाडं, महापालिकेच्या उद्यान विभागाकडे नोंद करून, यापासून सुरुवात करायला काय हरकत आहे? आपल्या दारूबंदी कायद्यातही त्यासाठी सूट काढावी लागेल. देशी दारूच्या परवान्यांसाठी त्या कायद्याला किती खिडक्या पाडल्या आहेत ते पाहता, आणखी एक पाडता येईल. 2019 च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात असं निघालं. भांग-गांजा-चरस मिळून सुमारे तीन कोटी. सोळा कोटींसाठी राज्य उत्पादन शुल्क खातं आहे, तीन कोटींसाठी तुरुंग.

आईला मी शेवटी खरं सांगितलं, दिवाळीच्या सुमारास. ती आधी हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "मग मला पकडलं असतं की तुला?" घर तिच्या नावावर आहे, गच्ची सोसायटीची, कुंडी तिची, खत तिचं. मी म्हटलं, बहुतेक तुला. ती विचार करत राहिली.

त्या कुंडीत मिरची अजून आहे. पानांवर भुरी आली होती, आईने आंबट ताक पातळ करून फवारलं.